आपणच उठतें

जमिनीवर बसलेल्या अक्का उठू लागल्या आणि कुणी मदतीला पुढे झालं, की त्या रहदारीच्या पोलिसासारखा तळवा समोर धरत. "हात नको. मी आपणच उठतें."

कुंभकोणमला आमच्या बियाण्यांच्या कंपनीत त्या आवक-जावक विभाग सांभाळत. मी जिंतूरची. वडील आठवडी बाजारात भांडी विकतात, आणि घरात पदवी मिळवलेली मी पहिली. म्हणून घरापासून इतक्या लांबची नोकरीही मी आनंदानं घेतली. रुजू झाले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा उघडून एकटीच बसले होते. तमिळचं अक्षर येत नव्हतं. तेवढ्यात पन्नाशी उलटलेल्या एक बाई शेजारी येऊन बसल्या.

"तुझें गांव कोठें, ग?"

असं मराठी मी फक्त आमच्या गावच्या कीर्तनकारबुवांच्या तोंडून ऐकलं होतं. मला रडूच आलं. अक्कांनी माझ्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "अय्यो, किती वाळली ही!" म्हणाल्या आणि त्यांनी आपला दहीभात पुढे सरकवला.

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले होते. अक्कांनी लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. चेन्नईचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, फोन करायचा, पण तमिळमध्ये.

पुढे मुख्य कार्यालयाचा हुकूम आला: कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी आठवड्यातून दोनदा फंक्शनल फिटनेसचा वर्ग. बैठकीच्या खोलीतली टेबलं भिंतीला लागली. तंजावरहून एक तरुण प्रशिक्षक येऊ लागला. सगळे त्याला मास्टर म्हणायचे. त्याचं म्हणणं, रोजच्या जगण्यात शरीराला जे करावं लागतं त्याचाच सराव करायचा. वाकायचं, वळायचं, ओझं उचलायचं. आम्ही पाण्याचे कॅन घेऊन खोलीभर फिरायचो. तुमच्या ऑफिसात असे वर्ग झाले असतील तर तुम्हाला माहीत असेलच, निम्मी गर्दी नंतरच्या खाण्यासाठी असते. आमच्याकडे फोडणी दिलेल्या हरभऱ्याचं सुंडल असायचं.

पहिल्याच दिवशी अक्का पदर खोचून तमिळमध्ये म्हणाल्या, "मास्टर, हे सगळं मी घरी रोज करते. फुकट." (एवढं तमिळ तोवर मला कळू लागलं होतं.) सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. "मला एकच शिकवा. पडलेलं माणूस एकटं कसं उठतं?"

घरी जाताना त्यांनी मला कारण सांगितलं. एका रविवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. संध्याकाळी फुलवाली दारात आली, हाकेला ओ मिळेना, म्हणून ती मागच्या दारानं आत शिरली. तोवर अक्का तशाच जमिनीवर होत्या.

"सोमवार असतां तर तुम्ही शोधिलें असतें," त्या म्हणाल्या. "रविवारीं कोण शोधणार?"

भाच्याला हे कळलं. कोइम्बतूरच्या एका वृद्धाश्रमात त्यांना ठेवायचं त्यानं ठरवलं. अक्का ऐकेनात, तेव्हा तो आत्याला म्हणाला, "दिवाळीला येतो. अत्तै, जमिनीवरून एकटीनं उठून दाखवा, मग राहा खुशाल."

त्या दिवसापासून अक्का आमच्यातल्या सगळ्यात मन लावून शिकणाऱ्या झाल्या. कुशीवर वळायचं, तळहात टेकायचे, रांगणाऱ्या बाळासारखं व्हायचं, एक पाऊल पुढे आणायचं, मांडीवर जोर देऊन उभं राहायचं. अर्ध्यात गुडघा थरथरायचा आणि त्या खाली बसायच्या. मास्टरचा हात सवयीनं पुढे यायचा, की लगेच अक्कांचा तळवा वर. "मास्टर, त्या रविवारी तुम्ही माझ्या घरी होतात का?"

एके दिवशी त्या उठल्या. टाळ्या पडल्या. ऑफिसातली एक मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. "अक्का, फोटो राहिला! पुन्हा एकदा पडा ना."

"फोटोसाठी तूच पड, अम्मा."

दिवाळीत भाचा आला. अक्कांनी चटई अंथरली, आडव्या झाल्या आणि उठून दाखवलं. "सरि, अत्तै," त्यानं मान्य केलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला.

सुट्टीनंतर मी उत्साहानं सगळं विचारलं. अक्का डब्याचं झाकण लावत बसल्या होत्या.

"तो गेला. मग मी परत निजलें, परत उठलें. पहिल्याहून नीट उठलें. पण पाहिलें कोणी?"

त्यांनी डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यांत माझी नोकरी संपते. मग रोजच रविवार, ग."

भाच्याला त्यांनी आपणहून कळवलं होतं, वृद्धाश्रमात जाते म्हणून.

"मी येत जाईन ना तुमच्याकडे," मी म्हटलं.

"तुझी बदली होईल. व्हावी. तुझी आई वाट पाहते तिकडे."

त्यांच्या शेवटच्या दिवशी टेबलं पुन्हा बाजूला झाली आणि आम्ही सगळे खाली पंगतीला बसलो. जेवणं झाली, एकेक जण उठला. अक्कांसमोर कुणीच हात केला नाही, आता सगळ्यांना सवय झाली होती. त्या मात्र बसूनच राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला. मी जागीच थांबले. तळवा समोर नव्हता, वर वळलेला होता.

"आज दे, ग."

मी हात दिला. त्यांनी त्यावर जरासुद्धा भार टाकला नाही. उठल्या आपल्याच बळावर. हात नुसता धरला, आणि उभ्या राहिल्यावरही काही वेळ सोडला नाही.

अक्का कोइम्बतूरला गेल्यावर पहिल्याच रविवारी माझ्या दाराशी हाक आली. त्यांची फुलवाली होती. मी म्हटलं, मी गजरा माळत नाही. ती म्हणाली, "घेऊ नका. अक्कांनी सांगितलंय, दर रविवारी या दारात हाक मारायची. आतून आवाज आल्याशिवाय पुढे जायचं नाही."

आता मी गजरा घेते. माळला तरी बघायला खोलीत कुणी नसतं, म्हणून तो खिडकीत ठेवते. रविवारी संध्याकाळी गल्लीच्या टोकाला तिचा आवाज आला, की मी दिवा लावून बसते. ती दारात येऊन हाक मारते. मी ओ देते. जरा उशीर झाला, तर ती कडी वाजवते.