काजळी लागलेली कॉलर

टेक्सासच्या त्या डोंगराळ मुलखात हातभर माती काढली की खाली चुनखडी लागते. विजेच्या खांबासाठी खड्डा घ्यायचा म्हणजे दिवसभर पहार मारायची. हिल्मरने तरुणपणी तेच काम केलं. खड्डा उथळ वाटला की मुकादमाने सांगायच्या आधी तो पुन्हा आत उतरे. त्या भागाचा खासदार जॉन्सन वॉशिंग्टनला खेटे घालून ही वीज आणत होता. तार हिल्मरच्या घरी पोचली त्या दिवशी त्याच्या बायकोने, मेटाने, चुलीवर तापवायच्या लोखंडी इस्त्र्या कोठारात टाकून दिल्या. तिच्या मनगटांवर त्यांचे वण होते.

पुढे जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने व्हिएतनामचं युद्ध वाढवलं आणि हिल्मर-मेटाचा एकुलता एक मुलगा डॅरिल तिकडून बंद पेटीत घरी आला. मेटाने कोठारातून इस्त्र्या शोधल्या, गंज घासला, चूल पेटवली. घरातले दिवे चालू राहिले. विजेच्या इस्त्रीला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. हिल्मरने कारण विचारलं नाही.

१९७३च्या जानेवारीत जॉन्सन वारला. दफन नदीकाठी, त्याच्याच शेतावर होतं. शेजारचा अल्फोन्स ट्रकमधून डोकावला.

"येतोस ना? का मेटाची परवानगी काढायची राहिलीय?"

हिल्मरने टेकडीकडे पाहिलं. धुक्यात त्याने रोवलेले खांब टेकडी चढत होते. बघता बघता ते चालू लागले, खांद्यावर तार घेतलेल्या माणसांसारखे. शेवटच्या खांबाला लहानगा डॅरिल कान लावून उभा होता. आत कोण गुणगुणतंय, असं तो नेहमी विचारायचा. धुकं सरकलं आणि तिथे नुसता खांब उरला.

हिल्मरला जायचं होतं. पण परत येऊन मेटाच्या समोर जेवायला बसायचं होतं. घरात येऊन त्याने पांढरा शर्ट टेबलावर ठेवला.

"मला जावंसं वाटतंय."

मेटाने शर्ट उचलून कॉलर सरळ केली.

"जा. खांब तू रोवलेत," ती म्हणाली. "इस्त्री मात्र माझ्याच चुलीवर होईल."

तिने इस्त्री फडक्यावर पुसली, तरी कॉलरवर काजळीचा डाग उमटला. ती ओलं फडकं घ्यायला वळली.

"राहू दे," हिल्मर म्हणाला.

कबरीपाशी बारीक पाऊस होता. अल्फोन्सने डाग पाहिला आणि हळूच चिडवत विचारलं, तुझ्या घरापर्यंत अजून लाइन आली नाही वाटतं? हिल्मर म्हणाला, "आली. मीच नेली." डाग झाकायला कोट गळ्यापर्यंत लावता आला असता. त्याने लावला नाही.

तो परतला तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता आणि धुराड्यातून धूरही निघत होता. मेटाने सूप वाढलं.

"खड्डा नीट खणला होता?"

"नीट होता. बाजू सरळ होत्या."

तिने मान हलवली आणि त्याच्या समोर बसली.