दीदी सेट आहेत म्हणे

रायपूरच्या सदर बाजारातल्या सराफाच्या दुकानात विनोदिनीचं पोट एका शब्दावर चालतं: सेट. हार, कानातले, अंगठी मिळून एक सेट. नवरा गेल्यावर ती इथे झाडपूस करायला लागली. आता लग्नाच्या सेटचा अख्खा काउंटर तिच्याकडे आहे. मधल्या वर्षांत ही पोरीला घेऊन खाते काय, हे पुरानी बस्तीतल्या एकाही नातेवाइकाने विचारलं नाही.

बाकी रायपुरात हा शब्द कुठेही खपतो. दही सेट होतं, केस सेट होतात, साहेबाशी सेटिंग होते. आणि बाई कोणाशी सेट आहे म्हटलं, की तिची अब्रू गेलीच.

परवा तिचे थोरले दीर रामकृष्ण दुकानात डोकावले. ती जेवायला गेली होती. त्यांनी चौकशी केली, तर तिच्या जोडीला काउंटरवर बसणारा चिराग सहज म्हणाला, "दीदी तो सेठजी के यहाँ एकदम सेट हैं." म्हणजे मालकांकडे चांगला जम बसलाय, काळजी नको. दिरांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं: सेठजी आणि सेट.

संध्याकाळी ते तिच्या घरी येऊन बसले. समोर तिची मुलगी गंधाली होती, त्याचीही भीडभाड ठेवली नाही.

"उद्यापासून नोकरी बंद. तू सेठाशी सेट आहे म्हणून राहिले लोकं. घराण्याचं नाव घालवून राहिली तू."

"कोण म्हणे?"

"तुझ्याच काउंटरवरचा चिराग."

काय घोटाळा झाला, ते विनोदिनीला तिथेच कळलं. चिरागला एक फोन लावला असता तर सगळं मिटलं असतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहून द्यायची सफाई? नवऱ्याच्या तेराव्यानंतर हा माणूस उंबऱ्यावर फिरकला नव्हता, आणि आज आला तो तिच्या तोंडचा घास काढायला.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा अभिनव बंगलोरले सेट झाला, तेव्हा तुम्ही साऱ्या पाऱ्यात, घरोघरी पेढे वाटले. मलेही एक पाठवला. मी विचारलं का तुम्हाले, कोणाशी म्हणून?"

गंधाली उठली, आणि तिने रामकृष्णांच्या चपला दाराबाहेर तोंड करून ठेवल्या.