शेवाळाला शिव्या

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये एक शेतकरी माझ्या शेजारी बसला आणि मांडीवरच्या काचेच्या बरणीवर डाफरू लागला. बरणीत हिरवंगार पाणी होतं.

"आळशी कुठले. खाऊनपिऊन नुसते तरंगून राहिले."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"शेवाळ आहे, गुरुजी. एकेका पेशीचं. याले तरास झाला का हे साखरेले साखर जोडते न चिकट तार सोडते. ते संत्र्याच्या मुळाशी टाकलं का माती ओल धरते. माही अर्धी रोपं वाळली." मग बरणीकडे वळून, "ऐकून राहिले ना?"

मी समजावलं, की शेवाळाला शिव्यांनी ताण येत नाही. त्याचं खत बंद करावं लागतं, मग या साखरेच्या साखळ्या वाढतात.

त्याने बरणी छातीशी धरली. "उपाशी ठेवू? लेकरावानी वाढवले जी. शिव्या खाऊन कोणी मरत नाही."

मागच्या सीटवरच्या आजीबाईंना ते एकदम पटलं. त्यांनी बरणी मागून घेतली आणि लोधीखेड्याच्या जावयासाठी राखून ठेवलेलं सगळं तिला ऐकवलं. कंडक्टरनेही जाता-येता दोन शब्द सुनावले.

जामसावळीच्या फाट्यावर तो उतरला. मी खिडकीतून पाहिलं, तर दुपट्ट्याने बरणी पुसत तो हळूच म्हणत होता, "मनावर नोका घेऊ, पोट्टेहो."

वीस वर्षं वर्गात मीही हेच करून राहिलो. ते शेवटचं वाक्य तेवढं कधी म्हटलं नाही.