पालकांच्या विनंतीवरून

हे मी लिहावं की नाही, हे ठरवायला मला फार दिवस लागले. आमच्या घरात अर्ज सोडून कुणी काही लिहिलेलं नाही. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि अजूनही वर्गात हात वर करण्याआधी इकडेतिकडे बघते. लिहिणाऱ्यांना जे येतं ते मला येत नाही. चुकलं तर माफ करा. पण या गोष्टीबद्दलचे सगळे कागद खोटं बोलतात. एक तरी कागद खरा असावा, म्हणून लिहिते.

माझे बाबा वारज्याला एका सोसायटीत वॉचमन आहेत. दहावी सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा शाळेनं त्यांना ड्युटीवरून बोलावून घेतलं. ते तसेच गणवेशात आले. खांद्याला शिट्टीची दोरी. मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, टेबलासमोर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाबांनी एका खुर्चीच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मॅडम कागदातून वर न बघता म्हणाल्या, "उभे राहिलात तरी चालेल. तुम्हाला सवय असेल."

कोपऱ्यात बसलेले क्लार्क हसले. त्यांना शाळेत सगळे भाऊसाहेब म्हणत.

बाबाही हसले. मॅडमचं बोलणं मी एखादे वेळी विसरेन. बाबा हसले, ते विसरता येत नाही.

"तुमच्या कन्येला आठवड्यातून दोनच दिवस शाळा पुरते असं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "फारच हुशार असणार."

"नाही मॅडम. पोरगी त रोजच येते." बाबा यवतमाळकडचे. पुण्यात इतकी वर्षं राहूनही त्यांच्या बोलण्यातला 'त' गेलेला नाही.

"'त' येते? मग हा फोन काय खोटं बोलतो?"

मॅडमनी मोबाइल बाबांसमोर धरला. माझ्या नावापुढे लाल ठिपक्यांची रांग होती. बाबांनी वाकून ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. रोज सकाळी पोरगी कुठे जाते, असा प्रश्न त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत होता. माझ्या बापाच्या डोळ्यांत.

मी रोज शाळेतच जात होते. ते लाल ठिपके कसे आले ते सांगते.

त्याच्या आदल्या वर्षी महापालिकेनं आपल्या माध्यमिक शाळांची हजेरी आणि निकाल सुधारायचं ठरवलं. वाईट ठरवलं असं मी म्हणणार नाही. जादा तास सुरू झाले. प्रयोगशाळेतले बंद दिवे लागले. गणिताला खरोखर चांगले सर आले, माझं गणित त्यांच्यामुळेच सुटलं. गेटवर एक मोठा फळा लागला : 'लक्ष्य – उपस्थिती शंभर टक्के, निकाल शंभर टक्के'. खाली खडूनं रोजचा आकडा. आणि हजेरीपुस्तकाच्या जागी फोन आला.

शाळा सात वाजून दहा मिनिटांनी भरायची. आई एका दवाखान्यात आठवड्यातून चार दिवस रात्रपाळीला आया होती, त्या सकाळी ती घरी यायची साडेसातला. बाबा सहालाच निघालेले असायचे. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. आई दारात आली की मी त्याला तिच्या हातात द्यायचे आणि पळत सुटायचे. पोचायला आठ वाजायला दहा मिनिटं कमी. आधी आमचे वर्गशिक्षक ओरडायचे, पाच मिनिटं दाराबाहेर उभं करायचे आणि पुस्तकात लाल शाईनं 'उ' लिहायचे. उ म्हणजे उशिरा. त्या 'उ'ची मला फार लाज वाटायची. आता कळतं, तो 'उ' म्हणजे माझं तिथं असणं होतं.

फोनमध्ये 'उ' नव्हता. साडेसातला हजेरी बंद. त्यानंतर आलेली मुलगी आली तरी आलेली नसायची. मी दुसऱ्या तासाला फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत असायचे, गैरहजर. डबा खात असायचे, गैरहजर. एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, मी आहे ना." सर वाईट नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "तू आहेस गं. पण वरती नाहीस."

वरती म्हणजे ऑफिसात. जिथं सगळ्या शाळांचे आकडे जमा व्हायचे आणि मोठ्या मॅडमना उभं करून विचारलं जायचं.

अशी आम्ही दहावीत आठ जणं होतो. त्यातली एक माझ्या बाकावरची शीतल. तिचं कारण माझ्याहून साधं. तिच्या चाळीतल्या नळाला सकाळी सात ते साडेसात एवढंच पाणी यायचं. शीतल मराठीत वर्गात पहिली होती. तिच्या निबंधाची वही सर दुसऱ्या तुकडीत वाचायला न्यायचे. पण वरती ती नव्हतीच.

आठ नावं पटावरून काढली की हजेरीचा आकडा वर जातो. नापास होण्याची भीती असलेली मुलंही बहुतेक त्याच आठांत, म्हणजे निकालाचाही आकडा वर जातो. हे गणित त्या चांगल्या सरांनी शिकवलेलं नव्हतं. कुणी शिकवलं ते मला माहीत नाही.

तर त्या दिवशी आमच्या आधी शीतल आणि तिची आई खोलीत होत्या. आम्ही दारातच उभे होतो, सगळं दिसत होतं. भाऊसाहेबांनी एक छापील झेरॉक्स पुढे केली. शीतलच्या आईला वाचता येत नाही.

"शाळेची कटकट संपली, मावशी," भाऊसाहेब म्हणाले. "दहावी बाहेरून देता येते. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बास. मुलगी घरी अभ्यास करेल, तुमचं पाणीही भरेल. फॉर्म, दाखला, सगळं आम्हीच पाठवतो. तुम्ही फक्त फोटो आणि आधारची झेरॉक्स आणून द्या. अंगठा इथं. आणि इथं."

"दुसरा कशाचा?" तिच्या आईनं विचारलं.

"त्याच कामाचा. बोट पुसा, साडीला लागेल."

मग आमची पाळी. तीच झेरॉक्स. बाबांना सही करता येते. सोसायटीच्या रजिस्टरात ते रोज ठसठशीत सही करतात, त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं. मी मान वाकडी करून कागद वाचला. सगळं आधीच छापलेलं होतं, फक्त नावाची जागा मोकळी. 'घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास शाळेतून काढत आहे. तरी तिचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.'

मी कागदावर हात ठेवला. पूर्ण पंजा. का ठेवला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी धीट मुलगी नव्हते.

"विनंती कुणी केली?" मी म्हणाले.

"काय?"

"यात विनंती लिहिलंय. बाबांनी कुठं विनंती केली? तुम्ही बोलावलं म्हणून ते आलेत."

मग मॅडम भाऊसाहेबांना म्हणाल्या, "बघा. मुलीची हजेरी नसली तरी जीभ हजर आहे."

"माफी माग," बाबा म्हणाले. "माफी माग मॅडमची."

मी मागितली नाही. हातही काढला नाही. पेनाचं टोक माझ्या करंगळीपाशी येऊन थांबलं होतं. बाबांनी किती वेळ वाट बघितली कोण जाणे. मग त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं.

"पोरगी नाही म्हणते," ते म्हणाले, "त राहू द्या."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "राहू दे तर राहू दे. नोटीस मला येते, तुम्हाला नाही." त्या क्षणी त्या थकलेल्या वाटल्या. हेही लिहायला हवं. त्यांच्यावरही कुणीतरी होतं आणि त्याच्यावरही कुणी असणार. पण त्या उतरंडीत ज्याच्या खाली कुणीच नाही, त्याच्याकडूनच विनंती लिहून घेतली जाते.

बाबांनी पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी मागून घेतली, सकाळी भावाला सांभाळता यावं म्हणून. मी सातच्या आत शाळेत. फोनमध्ये हिरवा ठिपका. वर्षभर भाऊसाहेब मला गेटवर बघून म्हणायचे, "या, विनंतीताई. वेळेवर?" मुलंही विनंती म्हणायला लागली. मी कुणाशी बोलायचं सोडलं आणि अभ्यास केला.

बाकी सात जणांनी सह्या केल्या, अंगठे दिले.

शीतलनं फोटो आणि झेरॉक्स नेऊन दिली. रोज संध्याकाळी ती माझ्या वह्या उतरवून घ्यायची. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. हॉलतिकिटाचं विचारायला ती शाळेत गेली की भाऊसाहेब म्हणायचे, "येईल. सतरा नंबरवाल्यांचं उशिरा येतं." आमची हॉलतिकिटं आली. तिचं आलं नाही. मराठीच्या पेपरच्या दिवशी ती वेणी घालून, कंपासपेटी घेऊन माझ्याबरोबर केंद्रावर आली. "तिथं यादीत नाव असेल कदाचित," म्हणाली. गेटवर पोलिसांनी हॉलतिकीट मागितलं. ती बाजूला झाली.

तीन तासांनी मी बाहेर आले तर ती समोरच्या फुटपाथवर तशीच उभी होती. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, "निबंध कुठला आला?"

मी सांगितला.

"मी हा लिहिला असता," ती म्हणाली.

त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. अधिकारी आले, मॅडमना पुष्पगुच्छ दिला, आम्हा सगळ्यांचा फोटो काढून गेटवर लावला. भाऊसाहेब मला म्हणाले, "विनंतीनं लाज राखली हो." फोटोत डावीकडून दुसरी मी आहे. त्या शंभरात मी मोजलेली आहे. शीतल मोजलेलीच नाही. ती नापास झालेली नाही, कारण ती बसली नाही. तिनं शाळा अर्ध्यात सोडली असंही नाही, कारण आईनं विनंती केली होती. कुठल्याही कागदावर तिचं काही वाईट झालेलंच नाही.

आता ती वाघोलीला एका कॉलेजच्या होस्टेलमध्ये साफसफाईचं काम करते. माझ्याच वयाच्या मुलींच्या खोल्या. मागच्या वर्षी मी तिला म्हणाले, आपण पुन्हा सतरा नंबर भरू, मी करते सगळं. त्याला मूळ दाखला लागतो. म्हणून मी शाळेत गेले. भाऊसाहेब तिथंच होते.

"दाखला केव्हाच दिलाय."

"कुणाला? तुम्हीच पाठवणार होतात."

"हरवला असेल तर तसं लिहून द्या. प्रतिज्ञापत्र, पोलिसांकडची नोंद. दुसरी प्रत मिळेल. सोपं आहे, ताई. कॉलेजात जाता ना?"

मी शीतलला फोन केला. मला वाटलं, ती म्हणेल देऊन टाकू लिहून. माझ्याही मनात तेच होतं. ती म्हणाली, "आईनं हरवलेला नाही. आधीच तिच्या नावावर एक विनंती आहे. आता हरवणं पण तिच्याच नावावर नको."

मी महापालिकेच्या शिक्षण खात्याला अर्ज लिहिला. शीतलचा दाखला कुणाला दिला, तिच्यासह सात जणांचे फॉर्म कुठे गेले, ते कळावं. शाळेत पत्रलेखनात शिकवलं होतं तसा लिहिला. विषय, महोदय, आणि शेवटी 'ही नम्र विनंती'. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला. मी हेलपाटे घातले. एका खोलीत मला सांगितलं, "आपण बसा." मी बसले. तीन तास बसले. सतरा नंबर भरायची या वर्षाची शेवटची तारीख माझ्या बसण्यातच गेली.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. चार ओळी. 'सदर विद्यार्थिनीने पालकांच्या विनंतीवरून शाळा सोडली असून दाखला पालकांस मिळाल्याची पोच अंगठ्यासह दप्तरी उपलब्ध आहे. इतर विद्यार्थ्यांबाबतही तशीच पोच उपलब्ध आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी शीतलला वाचून दाखवलं. तिच्या बाजूला बादलीत पाणी पडत होतं. तिनं नळ बंद केला.

"म्हणजे तो दुसरा अंगठा," ती म्हणाली.

"हो."

"आईला सांगू नको."

आज मी दुसरा अर्ज लिहिला आहे. सातही जणांची नावं घातली आहेत. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात जे आहे ते खोडून 'शाळेने काढले' असं लिहा, असं म्हटलं आहे. काही होईल असं मला वाटत नाही. हाही निकाली निघेल. मग मी तिसरा लिहीन. शेवटच्या ओळीला आल्यावर हात सवयीनं 'ही नम्र' इथपर्यंत गेला. मी ते दोन शब्द खोडले. खाली सही केली. बाबा करतात तशी, ठसठशीत.