लहान नर, मोठा नर

माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण माझ्या मार्गदर्शक मॅडमना सगळ्यात जास्त आवडलं होतं. मला मात्र त्याचीच धास्ती बसली.

अकोल्यात मी फुलकिड्यांवर पीएच.डी. करत होते. पिकाचा रस शोषणारे फुलकिडे शेतकऱ्यांना ठाऊक असतात. माझे किडे वेगळे. वाळक्या फांद्यांवर बुरशी येते, तिचे बीजाणू ते गिळतात. अमरावतीजवळ आमची संत्र्याची बाग आहे. बाबा सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढून बांधावर टाकतात. त्या ढिगातूनच मी ते झटकून आणले होते. त्यात दोन तऱ्हेचे नर निघाले. एक थोराड, पुढचे पाय जाड, पायावर दात. दुसरा लहानखुरा, बिनदाताचा. हा दुसरा नव्याच प्रजातीचा, असं मी चौथ्या प्रकरणात धीर करून लिहून टाकलं.

विभागापुढच्या सादरीकरणाला दोन आठवडे उरले असताना सूक्ष्मदर्शकाखालच्या एका काचपट्टीवर मधल्याच मापाचा नर दिसला. दात होता, पण नावापुरता. या किड्यांत एकाच प्रजातीचे नर लहानमोठे असतात, हे मी वाचलं होतं आणि सोयीनं बाजूला ठेवलं होतं. पण एका नरावरून काही ठरत नव्हतं. आणखी हवे होते.

बाबांना फोन लावला.

"तो ढीग? उद्या पेटवून देतो. कावून?"

"नका पेटवू, बाबा! मले किडे पाहिजेत त्यातले."

"कीड हाय म्हणूनच तं जाळून राहिलो!"

"ते बागेले काही करत नाहीत. मी सकाळी येऊन राहिली."

पहिल्या एसटीनं निघाले. वाटेत मूर्तिजापूरहून फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुढे तीनदा केला, तरी नाही. बागेपाशी उतरले तर बांधावर धूर. चप्पल हातात घेऊन पळाले.

बाबा फावड्यानं जळत्या फांद्या वेगळ्या ओढत होते. "गड्याले सांगाचं इसरलो," माझ्याकडे न बघता म्हणाले. "इकडचं वाचलं हाय. पाह्य बरं."

पांढरी चादर अंथरून आम्ही दुपारपर्यंत फांद्या झटकल्या. काळे ठिपके चालायला लागले की बाबा ओरडायचे, "हा पाह्य, हा मोठा!"

अकोल्यात काचपट्ट्या तयार करून नर मापानं ओळीत लावले. दात हळूहळू लहान होत नाहीसा झाला, मध्ये कुठेच खंड नव्हता. मिशांचे खंड, शेपटीची नळी सगळ्यांची सारखी. प्रजाती एकच होती, आणि तीही जुनीच, सगळ्यांना माहीत असलेली.

मॅडमनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"कधी कळलं हे?"

"दहा दिवस झाले. खात्री नव्हती, म्हणून बोलले नाही."

"शंका आली त्याच दिवशी यायचं होतं." मग म्हणाल्या, "सादरीकरणात तूच सांगायचं."

सांगितलं. मागच्या रांगेतून एका सरांनी विचारलं, "म्हणजे नवीन काहीच नाही?"

"नाही, सर. आधी चुकले होते."

त्यांनी मान डोलावली आणि पुढची स्लाइड दाखवायला सांगितली.