मच्छरदाणी लावलेली गाडी

मांद्रेतल्या एका गेस्टहाऊसच्या कचेरीत मला नोकरी लागली, तेव्हा घरात चर्चा माझ्यापेक्षा आमच्या जुन्या गाडीचीच जास्त झाली. आमच्या पाळी गावाहून ती रोज एवढं अंतर जाईल का? बाबांचं म्हणणं, पेडण्याच्या वाटेवरचा चढ न तापता चढली तर गाडी माझी, नाहीतर आठवडाभर मांद्रेला मावशीकडे राहायचं. मावशीने लगेच माझ्यासाठी गादी उन्हात घातली. ती प्रेमळ आहे, पण जेवताना माझ्या लग्नाशिवाय दुसरं बोलत नाही. मला गाडीच हवी होती.

दोनदा चढावर रेडिएटरमधलं पाणी उकळलं. मग डिचोलीच्या मेस्तांनी, म्हणजे आमच्या मेकॅनिकनी, नवे स्पार्क प्लग घातले, बॅटरीला जाड वायर जोडली. तरी तापमानाचा काटा लाल खुणेवर. रविवारी ते रेडिएटर थंड ठेवायला विजेवर चालणारा जादा पंखा घेऊन घरीच आले. चार बोल्ट आवळले की झालं, म्हणाले.

मी मात्र आठवडाभर एक गोष्ट मनात धरून होते. आमच्या गावात खाणीची तांबडी माती सगळीकडे बसते. ती आत जाऊ नये म्हणून बाबांनी रेडिएटरपुढे मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा बांधला होता. युक्ती त्यांचीच. ते खाणीच्या वजनकाट्यावर कामाला; तिथल्या सोबत्यांनीही ती उचलली होती आणि बाबांना त्याचा अभिमान होता. गाडी मी धुवायची, म्हणून त्या जाळीचं काय झालंय ते मला माहीत होतं.

पंखा बसला. मेस्त हात पुसू लागले. आता बोलायला हवं होतं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. मी बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्या मच्छरदाणीवर ओतलं. थेंबही आत गेला नाही. सगळं पाणी तांबडं होऊन बाहेरूनच बाबांच्या चपलांवर ओघळलं.

मेस्त वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, नाकाक रुमाल बांधून तिका चढ चढूक सांगतास?"

बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "हे तुला कधी कळलं?"

"गेल्या रविवारी."

"मग बोलली का नाहीस गो, बाय?"

"जाळी तुमची होती."

त्यांनी स्वतः गाठी सोडल्या. मेस्तांनी रेडिएटर पाण्याने धुतला. पंखा काढायचा का, असं त्यांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, असू दे, पोर एकटी जाणार.

दुपारी आम्ही निघालो. चढावर मी रस्ता बघत होते, बाबा काटा. तो मध्यावर आला, पंखा घरघरला, काटा तिथेच राहिला. वर पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून बॉनेट उघडलं, रेडिएटरजवळ हात धरला आणि बॉनेट बंद केलं.

"घरी गेल्यावर मावशीला फोन कर," आत बसत ते म्हणाले. "गादी उचलून ठेव म्हणावं."