चित्रातली तुळस

आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी माण गावात एका भाडेकरूला खोली दाखवत होतो. ‘पाणी चोवीस तास आहे’ हे त्याला सांगून झालं आणि मगच मी हललो. महिना झाला, अजून त्या वाक्याची लाज वाटते.

सखूआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मुळशीच्या पाण्याकाठी मुंबईच्या एका बड्या घराण्याचा बंगला आहे, तिथं कामाला राहून तिनं जन्म काढला. दिवाणखान्यात बाईसाहेबांचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र आहे. विलायतेहून एक नावाजलेला चित्रकार आला होता, बड्या घरच्या बायकांना आणखी गोऱ्या करून रंगवायला. बाईसाहेब चेहऱ्यापुरत्या दोन दिवस बसल्या आणि कंटाळल्या. मग त्यांचा शालू नेसवून एकोणीस वर्षांच्या आत्याला खुर्चीत बसवलं. बारा दिवस, मान न हलवता... चित्रातले खांदे तिचे, मांडीवरचे हात तिचे. चित्रकार साहेबानं दिसेल ते इमानानं रंगवलं, मनगटावर गोंदलेली तुळससुद्धा! बाईसाहेबांचा तिळपापड झाला. तुळशीवर रंग फासला गेला आणि आत्याला ताकीद मिळाली, पाहुण्यांसमोर तो हात पदराखाली ठेवायचा. आत्या हे हसत सांगायची.

गेल्या वर्षी बाईसाहेबांच्या नातवानं चित्र साफ करून घेतलं, तर वरचा रंग निघाला आणि तुळस पुन्हा दिसू लागली. काम सुटून घरी असलेल्या आत्याच्या कानावर आलं, तशी तिनं मला गाडी काढायला लावली. चित्रासमोर उभी राहून तिनं आपलं सुरकुतलेलं मनगट त्या मनगटाजवळ नेलं.

“मावशी, हात लावू नका,” नातू म्हणाला. “तो डाग उद्या झाकतायत.”

“डाग न्हाई त्यो, दादा. माजं गोंदण हाय. हे हात माजं हायेत. येवढं तरी ऱ्हाऊ द्या.”

तो माझ्याकडे बघून हसला. “वय झालंय यांचं.”

आणि मी? सगळं ठाऊक असलेला, पन्नाशीचा, चार खोल्यांचा मालक... “आत्या, गप. चल,” म्हणालो. मोठ्या माणसासमोर मान खाली घालायची आमची खोड. गाडीत ती एवढंच म्हणाली, “तू तरी बोलायचं व्हतंस रं.”

दहाव्याला नातू पाच मिनिटं येऊन गेला. “आजीच्या पोर्ट्रेटवर फार जीव होता हो त्यांचा,” असं चारचौघांत म्हणाला. तुळस केव्हाच झाकून झाली होती. शिसारी आली मला त्याची. पण त्याला खुर्ची मीच दिली, चहाही मीच पुढं केला. खरी शिसारी माझी मलाच येते.

भिंतीवर लावायला आत्याचा फोटो शोधत बसलो. लग्नातले, जत्रेतले, बारशातले, सगळे काढले. एकाही फोटोत मनगट दिसत नाही. बाईसाहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हात पदराखालीच. त्यातलाच एक लावलाय.